कासाराची उशी

बाबा, उद्या सकाळी मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे आणि ते उत्तर तुमच्याजवळ आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही अडलं की तुमच्याकडे धाव घ्यायची माझी खोड गेलेली नाही. आज तर अडलेलं सुटलंय, आणि ते तुम्हालाच सांगायचं म्हणून संध्याकाळपासून घरभर नुसती फिरतेय. दोनदा चहा ठेवला, दोन्हीदा उतू घालवला. शेवटी घरातली म्हणाली, "बस तिथं आन् लिहून टाक, मले स्वयंपाक करू दे." म्हणून बसलेय.

आधी काम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोरगी नेहमी मधूनच सुरू करते. गेल्या उन्हाळ्यापासून मी आपल्या जिल्ह्यात तब्येतीच्या एका अभ्यासासाठी फिरतेय. लोकांना भेटायचं, बीपी मोजायचा, आणि विचारायचं की झोप लागते का, घास उतरतो का, ताप आला तर उशाशी पाणी कोण ठेवतं, दवाखान्यात गेलं तर बाप्यांच्या रांगेत उभं करतात की बायांच्या, जगण्याचा कंटाळा येतो का. पण हे सगळ्या लोकांना नाही विचारायचं. ज्या बायांचा जीव बाईवर आहे, ज्या पुरुषांचा पुरुषावर, जे जन्माला आले मुलगा म्हणून पण जगतात बाई म्हणून, किंवा त्याच्या उलट, अशांना. म्हणजे आमच्यासारख्यांना, बाबा. आजवर यांच्याबद्दल कोणी काही विचारलं असेल तर ते मोठ्या शहरांत. वणीच्या कोळशाच्या ट्रकवर कोणी आहे, दारव्ह्याकडे सोयाबीनच्या शेतात कोणी आहे, हे कोणाच्या गावीच नव्हतं. नागपूरच्या एक मॅडम हे काम चालवतात. त्यांनी मला घेतलं तेव्हा मी बसस्टँडवरच एका अनोळखी बाईला पेढा दिला. तिनं कशाचा म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, मोजणीत आलो आम्ही.

तर आमच्यातला एक नियम असा की जे काम करतात आणि स्वतःही त्यातलेच आहेत, त्यांनीही सगळी उत्तरं द्यायची. विचारायचं दुसऱ्या सहकाऱ्यानं. मला विचारायला वणीकडचा एक तरुण सहकारी आला. भला मुलगा आहे, फक्त प्रश्न विचारताना स्वतःच लाजतो. झोप झाली, घास झाला, दवाखाना झाला, मी धडाधड सांगत गेले. मग त्यानं विचारलं, "आईवडिलांपैकी कोनाले तुमच्याबद्दल माहीत हाय, नाईतर होतं काय?" उत्तरं तीन. हो, नाही, सांगता येत नाही. आई मी कळती व्हायच्या आधीच गेली, तेव्हा राहिलात तुम्ही. मी त्या तीन उत्तरांवरून बोट फिरवत राहिले. तो म्हणाला, "ताई, सांगता येत नाई, असं लिहू काय?" मी म्हटलं थांब. तो थांबला आणि माझा तेवढा प्रश्न मोकळा ठेवून गेला. उद्या माहिती गोळा करणं बंद होतंय. मॅडमच्या लेखी ती एक साधी खूण आहे, कुठेही केली तरी अभ्यासाचं काही बिघडत नाही. मला मात्र जाणून घ्यायचं होतं, की तुम्ही मला ओळखून गेलात की न ओळखताच.

बोरी अरबचं आपलं टिनाचं दुकान मला आजही डोळे मिटून लावता येईल. पुढे सतरंजी, मागे बांगड्यांचे डबे, आणि सतरंजीच्या कडेला तुमची ती लहानशी उशी. आईच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा, आत सरकीसकट कापूस, त्यामुळे बोटाला टोचणारी. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बाया, गावातल्या सासुरवाशिणी, लग्नघरच्या पोरी ओळीनं बसलेल्या. तुम्ही कोणाचं माप विचारलेलं मला आठवत नाही. कोपर उशीवर ठेवायला सांगायचं, पंजा हातात घेऊन अंगठ्याखालचा गड्डा हळूच दाबायचा, आणि म्हणायचं, "हात ढिला सोड, माय." तेवढं म्हटलं की बाया बोलायला लागायच्या. सासूचं, पोटदुखीचं, माहेरी जाऊ देत नाहीत त्याचं. बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही. एखादी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. भरून झालं की बाई बांगड्यांना हात लावून तुम्हाला नमस्कार करी आणि तुम्ही सगळ्यांना एकच आशीर्वाद देत असा, "हात भरला राहो." सवाष्ण असो, विधवा असो, पोर असो. मला वाटायचं, दुसरा पाठ नसेल.

आणि मी, कासाराची एकुलती एक पोर, हात मोकळे सोडून डब्यांना टेकून बसलेली. मला बांगडी सोसत नसे. काचेचा आवाज मनगटावर झाला की वाटे, हे दुसऱ्या कोणाचं तरी आपल्या अंगावर आलंय. तुम्ही रागावलात ते एकदाच, पण भर बाजारात. मामाच्या लग्नाला हिरव्या भरायच्या म्हणून माझा हात धरलात आणि मी तो हिसकून घेतला. गिऱ्हाइकं हसली. एक जण म्हणाली, "हलवायाच्या घरी गोड खात नाईत, तशी हे कासाराची पोर." तुमचं तोंड लाल झालं. "कासाराच्या पोरीनंच हात मोकळे ठेवले त लोकायनं माह्या दुकानात कायले यावं?" असं म्हणालात आणि डबा धाडकन मिटलात. मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही भज्यांचा पुडा पुढे सरकवलात. तो विषय त्यानंतर तुम्ही कधी काढला नाहीत, मीही नाही. लोक विचारत तेव्हा तुम्ही म्हणत असा, तिले काच लागते. म्हणजे काचेचं वावडं आहे. असलं वावडं जगात कोणाला असतं की नाही, देव जाणे, पण गावानं ते मान्य केलं.

आता तो दिवस सांगते, ज्याच्यावर सगळं अडलं होतं. मी यवतमाळला नोकरीला लागले होते, आणि तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात हिला, आता आत स्वयंपाक करतेय तिलाच, घेऊन दुकानात आले होते. म्हटलं, बाबा, ही माझी मैत्रीण, एकाच खोलीत राहतो. ही तर बांगड्यांची वेडी. डबे बघूनच हिचे डोळे फिरले. म्हणाली, "काका, निळ्या दाखवा नं." तुम्ही हिच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि निळ्यांचा डबा समोर असताना मागे वळून वरच्या फळीवरचा डबा काढलात. हिरव्या काचेच्या. नवरीला भरायच्या. तो डबा तुम्ही लग्नघराशिवाय उघडत नसा, आणि नवरीचा चुडा तर दुसऱ्या कोणाला हातही लावू देत नसा. तुमचे भाऊ, माझे काका, बसत दुकानात, तेही नवरी आली की उठून तुम्हाला बोलवत. तर तुम्ही त्या बांगड्या माझ्यासमोर ठेवल्यात आणि म्हणालात, "माहा हात थरथरून राह्यला बाप्पा आजकाल. तू भर."

मी भरल्या. आयुष्यात पहिल्यांदा. लहानपणापासून बघितलेलं बोटांत कुठेतरी होतंच. पंजा दाबला, म्हटलं, हात ढिला सोड. तुम्ही बाजूला बसून सुपारी कातरत होतात. भरून झाल्यावर ही रीतीप्रमाणे तुमच्या पाया पडायला वाकली, तर तुम्ही पाय मागे घेतलेत. "भरनाऱ्याले करत असतात नमस्कार," असं म्हणालात. ही खो खो हसली आणि मला वाकून नमस्कार केला, मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. "हात भरला राहो," म्हणालात, आणि पुन्हा सुपारीकडे वळलात. उन्हाळा लागायच्या आत तुम्ही गेलात.

त्या दिवसावर आम्ही दोघी किती बोललो असू, बाबा. ही म्हणते, त्यांना कळलं होतं, त्यांनी आपलं लग्न लावलं. मी म्हणते, अगं, म्हातारा माणूस, हात थरथरायला लागलेला, हाताला आला तो डबा काढला, पोरीला म्हटलं तू भर. नमस्काराचंही तसंच, दुकानाची रीत. आपल्याला हवं ते आपण त्यात बघतोय. ही चिडते. मी हट्ट सोडत नाही, कारण आशेवर विसंबून राहायची मला भीती वाटते. असा सगळा मामला त्या थरथरीपाशी येऊन थांबला होता. हात खरंच थरथरत असेल, तर त्या दिवसात काही नाही.

आता गंमत ऐका. काम सुरू केलं तेव्हा पांढरकवड्याला एका दवाखान्यात आम्हाला खोली मिळाली होती. टेबल, दोन खुर्च्या, मध्ये बीपीचं मशीन. लोक यायचे, दार लागलंय का ते बघायचे आणि काठावर बसायचे. झोप कशी आहे? "बरी हाय." मन कसं आहे? "बरं हाय." सगळ्यांचं सगळं बरं, आणि बीपी मात्र ज्याचा बघावा त्याचा चढलेला. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. आणि तिथे एक वयस्क बाई आल्या. तृतीयपंथी, धिप्पाड, हायवेवर ट्रकवाल्यांत त्यांचा मोठा दरारा. त्यांनी हात टेबलावर असा आपटला की मशीन हललं. मला पट्टा बांधायचा होता दंडाला. पण तो हात पुढे आला, त्यात काचेच्या बांगड्या होत्या, आणि माझ्या बोटांनी डोक्याला न विचारता त्यांचा पंजा उचलला, अंगठ्याखालचा गड्डा दाबला, आणि तोंडातून गेलं, "हात ढिला सोड, माय."

बरोबरचा सहकारी माझ्याकडे बघतच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बीपी मोजायला पंजा कोण दाबतं? आणि पाहुण्या माणसाला अरेतुरे. त्या बाईंनी डोळे बारीक केले. "हे दाबनं मले माहीत हाय," म्हणाल्या. "बोरी अरबचा कासार तुहा कोन लागे वं?"

मी म्हटलं, "बाप."

"मंग पहिलेच सांगा लागे नं," असं म्हणून त्यांनी खुर्ची मागे लोटली आणि सरळ खाली फरशीवर मांडी घातली. "ये, खाली बस. कासाराच्या पोरीसमोर खुर्चीवर कोन बसते."

मी खाली बसले. आणि त्या बोलायला लागल्या, बाबा. झोपेचं, दवाखान्याचं, रांगेचं, एकटेपणाचं, सगळं. मध्येच तुमचं. त्या तरण्या असताना पहिल्यांदा तुमच्या दुकानाच्या पायरीशी आल्या तेव्हा सतरंजीवरची एक बाई उठून उभी राहिली म्हणे, मी याच्या बाजूला बसत नाही म्हणून. तुम्ही तिला म्हणालात, "माय, मी इथं हाताचंच माप घेतो, बाकीचं माप मले येत नाई. तुले घाई असनं त पुढच्या बाजाराले ये." आणि यांचं कोपर उशीवर ठेवून घेतलंत. "आमच्या हाताले तवापोतर पोलिसाशिवाय कोनं हात लावला नोता," असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता आलं नाही. घरी तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या लेखी ते सांगण्यासारखं नसेलच.

त्या रविवारी मी कपाटाच्या वरून तुमची उशी काढली. तुमच्या मागे काकांनी दुकान मोडलं तेव्हा मी तेवढीच मागून घेतली होती. मॅडमना फोन केला, म्हटलं, टेबलखुर्ची नको, दवाखाना नको, मला एक सतरंजी द्या. त्या आधी हो ना करत होत्या. मग म्हणाल्या, "करून तर पहा." तेव्हापासून मी जिथे जाते तिथे सतरंजी टाकते, उशी ठेवते, कोपर टेकवते. आधी बोलणं, मग पट्टा. लोक बोलतात, बाबा. दारव्ह्याकडचा एक शेतकरी, दोन लेकरांचा बाप, पोलादासारखा माणूस, त्यानं उशीवर कोपर ठेवलं आणि पहिल्यांदा आपल्या दोस्ताचं नाव मोठ्यानं घेतलं. मग तेच नाव पुन्हा घेतलं, नुसतंच, कानाला बरं वाटतं म्हणून. आणि दवाखान्यातल्या त्या खोलीत ज्यांचा बीपी चढलेला होता, त्यांतल्या कितीतरी जणांचा सतरंजीवर उतरलेला निघाला. मी नाचायचीच बाकी होते. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यावरून लगेच निष्कर्ष काढायचा नसतो, हात टेकलेला असला की आकडा तसाही कमी येतो." बरोबर आहे त्यांचं, विज्ञान म्हणजे विज्ञान. पण फोन ठेवताना त्यांनी विचारलं, तशा उश्या आणखी शिवून मिळतील का. मी इथल्या शिंप्याकडे टाकल्यात. सरकीसकट भर म्हटलं, तर तो म्हणतो, ताई टोचल नं ते. म्हटलं, टोचू दे.

आणि आज. आज त्या पांढरकवड्याच्या बाईंकडे दुसरी भेट होती, आमची शेवटची. सतरंजी टाकली, बीपी झाला, चहा आला. मी सहज म्हटलं, तुमच्या हातातल्या या बांगड्या छान आहेत. त्या म्हणाल्या, "आता कोनाले येते भरता. पोट्टे साबन लावून घुसवतात. तुह्या बापानं शेवटचा चुडा भरला तवा हातभर भरल्या, येक वाढली नाई. आन् बोलनं त चालूच, बोटाकडे पाहे बी नाई थो."

मी विचारलं, कधीची गोष्ट?

"गेला नं थो उन्हाळ्याच्या तोंडाले? त्याच्या आधीचा बाजार. मी कापडं आनाले गेलती बोरीले."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. म्हटलं, "तेव्हा तर त्यांचा हात थरथरायचा."

"कोनाचा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तुम्हाला शिवी दिली. "त्याचा हात थरथरे? कोन म्हनलं तुले?"

"ते स्वतःच म्हणाले होते."

"मंग लबाड बोलला तुहा बाप," त्या म्हणाल्या, आणि बशीतला चहा फुंकून प्यायल्या. काहून बोलला असेल ते त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. हिरवा डबा, तू भर, भरनाऱ्याले नमस्कार, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "हिरव्या होत्या नं? नवरीच्या?" मी मान हलवली. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर अख्खा पंजा ठेवला, बांगड्यांसकट. निघताना मी विचारलं, तुमची गोष्ट मी माझ्या बापाला सांगितली तर चालेल का, कारण आमच्या कामात कोणाचं बोललेलं बाहेर सांगायचं नसतं. म्हणाल्या, "सांग. थो आता कोनाले सांगते."

पांढरकवड्याहून यवतमाळपर्यंत मी बसमध्ये उभी होते. जागा होती, पण बसवेना. खिडकीबाहेर कापूस फुटलेला आणि मी एकटीच दात काढून हसतेय. कंडक्टरनं विचारलं, "काय झालं ताई, लॉटरी लागली काय?" म्हटलं, तसंच समजा. घरात शिरल्या शिरल्या हिला सांगितलं. मला वाटलं होतं ही रडेल. ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी का म्हनून राह्यली होती इतकी वर्सं?" आणि आतापर्यंत तेच म्हणतेय. कढईत पळी फिरते, बांगड्या वाजतात, आणि मध्येच आतून आवाज येतो, "मी सांगितलं होतं." ऐकून घेतेय. आज तिचा दिवस आहे.

तर असं आहे, बाबा. तुम्ही थरथरीचं खोटं बोललात आणि मी मैत्रिणीचं. समोरासमोर बसून, एकाच सतरंजीवर. दोघांनीही एकमेकांना पकडलं नाही. पण तुम्ही तुमच्या खोट्यातून मला नवरीचा चुडा दिलात, आणि तो भरायचा मान दिलात, जो तुम्ही सख्ख्या भावाला दिला नव्हता. तेव्हापासून दर वर्षी हिच्या बांगड्या मीच भरते. फुटली तर वाढली म्हणते. शेवटी हात भरला राहो म्हणते. कासाराच्या घरात बांगड्या वाजतात, फक्त त्या माझ्या हातात नाहीत. ते तुम्हाला चालतं, हेही आता मला कळलंय.

उद्या सकाळी वणीकडचा मुलगा येईल, लाजत लाजत तोच प्रश्न विचारेल, आणि मी सांगेन, हो, माहीत होतं. त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न आहे, त्यांनी ते कसं घेतलं म्हणून. तिथे मात्र खुणा नाहीत, आपल्या शब्दांत सांगायचं असतं. मी त्याला खाली बसवणार आहे आणि सगळं सांगणार आहे, भज्यांच्या पुड्यापासून. बिचाऱ्याची दुपार जाईल.

हे पत्र उशीच्या अभ्र्यात घालून ठेवते, सरकीच्या शेजारी. तेवढंच माझ्याजवळ तुमचं घर आहे. आणि एक कबूल करते. लिहायला बसले तेव्हा हिला म्हटलं, लवकर आटपते, दोन ओळी लिहायच्या आहेत. पण पहिल्या ओळीपासून अक्षर वेडंवाकडं येतंय, दोनदा कागद बदलला, तरी तसंच. तुमचा हात त्या दिवशी थरथरत नव्हता, बाबा. माझा आज थरथरतोय, आणि हे खोटं नाही.